जागा सोडायची ती कुणासाठी? मोडीच्या ओळीपासून कोडच्या इंडेंटेशनपर्यंत

भिवंडीजवळच्या दापोडे, मानकोली, वळ, पूर्णा या पट्ट्यात मोठमोठी गोदामं आहेत. तिथल्या रॅकवरचं एखादं लेबल नीट बघा. वर काळ्या पट्ट्यांचा बारकोड आणि खाली तोच पत्ता अक्षरांत, समजा 'ब-०७-१२-३'. पट्ट्या स्कॅनरसाठी, अक्षरं माणसासाठी. मधल्या त्या छोट्या आडव्या रेघा स्कॅनरला नसल्या तरी चालतील. माल काढणारा माणूस मात्र गल्ली कुठली, रॅक कुठला, खण कुठला, हे त्या रेघांवरूनच एका नजरेत तोडून घेतो. आता समजा लेबल छापताना गडबड झाली, पट्ट्या एका खणाच्या आणि अक्षरं शेजारच्या खणाची. स्कॅनर म्हणेल बरोबर, माणूस म्हणेल चूक, आणि दोघंही आपापल्या जागी खरे.

एकच मजकूर आणि त्याचे दोन वाचक. प्रोग्रामचंही असंच आहे. कंपायलर तो एका पद्धतीने वाचतो, माणूस दुसऱ्या पद्धतीने. इंडेंटेशन, रिकाम्या ओळी, नावांतले तुकडे, महिरपी कंस कुठे उघडायचा, या सगळ्याला आपण 'फॉरमॅटिंग' म्हणतो आणि बहुतेक भाषांत ते फक्त दुसऱ्या वाचकासाठी असतं. 'कोड नीट लिहा, बग कमी होतील' असं आपल्याला पहिल्या वर्षापासून सांगितलं जातं. संशोधनाच्या तयारीत असाल तर या वाक्यावर जरा थांबा. 'नीट' म्हणजे काय, कुणासाठी नीट, आणि बग कमी होतात हे कुणी मोजलं? तुमच्यापैकी कुणी या विषयात प्रस्ताव लिहायच्या विचारात असेल तर वाङ्मयाचा आढावा १९७०च्या दशकापासून सुरू करण्याआधी जरा मागे जावं असं मला वाटतं. कारण हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे आणि आपल्याकडे त्याचं काही शतकांचं दफ्तर पडून आहे.

ते दफ्तर मोडीतलं.

मोडी कुणी आणली याबद्दल परंपरेनं देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याचं नाव घेतलं जातं. अभ्यासकांत त्यावर एकमत नाही आणि आपल्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. महत्त्वाचं हे की साधारण तेराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठीतला रोजचा कारभार, म्हणजे हिशेब, पत्रं, सनदा, निवाडे, जमिनीच्या नोंदी, या लिपीत चालला. पोथ्या, धर्मग्रंथ, काव्य बाळबोधीत लिहायचं आणि कारभार मोडीत, अशी सर्वसाधारण वाटणी होती.

मोडी लिहिण्याची पद्धत बघा. कारकून आधी पानभर शिरोरेषा ओढून घ्यायचा आणि मग त्या रेषेखाली अक्षरं लोंबकळत ठेवत जायचा. बोरू शक्यतो उचलायचा नाही. एक अक्षर संपलं की त्याची शेपटी पुढच्या अक्षराची सुरुवात. दोन शब्दांमध्ये जागा नाही, वाक्य संपल्याची खूण नाही. इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळायचा नाही. मागाच्या गावातलं उदाहरण घ्यायचं तर 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, दोन्ही मोडीत सारखेच. कुठला घ्यायचा ते आजूबाजूच्या मजकुरावरून ठरवायचं.

वर संक्षेप. शब्दाचं पहिलं अक्षर लिहून पुढे दोन उभ्या रेघा मारल्या की झालं काम. 'राजश्री' असं पूर्ण कोण लिहीत बसणार, 'रा॥' पुरे. आणि गंमत अशी की त्याच दोन उभ्या रेघा हिशेबात आल्या की त्यांचा अर्थ 'अर्धा': '१॥' म्हणजे दीड. एकच चिन्ह, दोन अर्थ, संदर्भावरून निवड. सी प्लस प्लस शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही एकच चिन्ह वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं काम करतं. फरक इतकाच की तिथे निवड करायला कंपायलर आहे, इथे कारकुनाचा अनुभव.

हे सगळं वाचून 'किती गैरसोयीची लिपी' असं म्हणायचा मोह होतो. पण जरा हिशेब मांडा. दिवसाला ढीगभर पत्रं हातानं उतरवायची असतील तर महाग काय आहे? लिहिणाऱ्याचा वेळ. बोरू उचलला नाही तर वेग वाढतो, जागा सोडली नाही तर कागद वाचतो. आणि वाचणारा कोण? दुसऱ्या दफ्तरातला तसाच कारकून, त्याच तालमीत वाढलेला. पत्राचा मायना कसा असतो, तारीख कुठे येते, कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द येण्याची शक्यता आहे, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. त्याला शब्दांमधली जागा दिसायची गरज नव्हती, तो ती स्वतः भरत जायचा. मोडीनं लिहिणाऱ्याचे कष्ट वाचवले आणि त्यातले थोडे वाचणाऱ्यावर ढकलले, कारण त्या काळात तो सौदा परवडत होता.

शिवाय मोडीच्या जगात फॉरमॅटिंगचे नियम नव्हते असं अजिबात नाही. 'मेस्तक' नावाचा प्रकार होता: कुणाला कसा मायना लिहायचा, कुठल्या कागदाचा साचा कसा, याची जंत्री. आजच्या भाषेत स्टाइल गाइड. शिवकालीन पत्रांत मजकूर संपला की खाली 'मर्यादेयं विराजते' अशी छोटी मुद्रा उमटवलेली दिसते. मर्यादा म्हणजे सीमा. इथे पत्र संपलं, याच्या खाली कुणी काही जोडलं तर ते पत्राचा भाग नाही. हा शोभेचा शिक्का नव्हता. महिरपी कंस बंद करण्याचंच काम तो करत होता. दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडायची फिकीर नसलेली माणसं पत्राच्या शेवटाला मात्र शिक्का मारून कुलूप लावत होती. कारण चुकून गैरसमज होण्यापेक्षा मुद्दाम भर घालण्याची भीती जास्त होती. कुठल्याही काळातल्या फॉरमॅटिंगच्या नियमांकडे बघताना हा प्रश्न विचारून बघा: हे लोक कुठल्या चुकीला घाबरत होते? उत्तर बऱ्याचदा नियमांतच लिहिलेलं असतं.

इथे तुम्हाला 'ध चा मा' आठवला असेलच. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणराव पेशव्यांचा खून. गोष्ट अशी सांगतात की मूळ हुकमात 'धरावे' होतं आणि आनंदीबाईंनी एक अक्षर बदलून 'मारावे' केलं. मराठीत तो वाक्प्रचारच झाला. खून घडला, रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, राघोबादादांवर ठपका आला, हा इतिहास. अक्षर बदलल्याची हकिकत मात्र परंपरेनं चालत आलेली आहे, पुरावा म्हणून ती वापरता येत नाही. मर्यादेची मुद्रा पत्राच्या शेवटाचं रक्षण करते, मधल्या एका अक्षराचं नाही, एवढं मात्र त्या गोष्टीतून छान समजतं.

आता पुण्यामुंबईच्या छापखान्यांचा काळ. एकोणिसाव्या शतकात मराठी छापलं जाऊ लागलं आणि छपाईनं देवनागरी उचलली. इथे सौदा उलटा फिरला. खिळे एकदा जुळवायचे आणि प्रती शेकड्यांनी काढायच्या. लिहिणारा एक, वाचणारे हजार, आणि तेही एकमेकांना न ओळखणारे, एका तालमीतले नसलेले. मग शब्द तोडले गेले, पूर्णविराम आले, स्वल्पविराम आले. मेजर थॉमस कँडी यांनी १८५०च्या सुमारास मराठी विरामचिन्हांवर वेगळी पुस्तिका लिहिली. एका अर्थी तीही स्टाइल गाइडच. इंग्रजीचं अनुकरण म्हणून त्यावर टीका करता येते, पण ज्याला गरज होती तो वाचकही त्याच काळात नवा जन्माला येत होता, हे विसरून चालत नाही. मोडी मग हस्तलेखनापुरती उरली आणि १९५०च्या आसपास शाळांतून आणि दफ्तरांतून गेली.

गेली म्हणजे वाचक गेले. कागद तिथेच राहिले. पुण्याच्या पुराभिलेखागारात, तहसील कार्यालयांत, घराघरांतल्या पेट्यांत. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधण्याचं काम जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झालं, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची अचानक शोधाशोध झाली. जुन्या रजिस्टरातली एक ओळ कशी तोडायची, त्यातला एक शब्द काय वाचायचा, यावर एखाद्या घरातल्या मुलाचं प्रमाणपत्र अवलंबून. ठाणे जिल्ह्यात जमिनीच्या जुन्या कागदांचं तेच. ज्या जमिनीवर आज गोदाम उभं आहे तिचा शंभर वर्षांपूर्वीचा फेर कुणी वाचायचा? ज्या कारकुनानं ती ओळ लिहिली त्याला वाटलं होतं की वाचणारा आपल्यासारखाच असेल. त्याचा अंदाज त्याच्या हयातीपुरता बरोबर होता.

हे डोक्यात ठेवून आता संगणकाकडे या. मुंबईतच या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा आपल्याकडे घडवलेला संगणक १९६० मध्ये चालू झाला, आणि १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र आलं. त्या पिढीचं काम पंच कार्डांवर आणि फोरट्रानमध्ये चालायचं. एका कार्डावर ८० रकाने. पहिले पाच रकाने ओळीच्या क्रमांकासाठी, सहावा 'मागच्या कार्डावरून पुढे चालू' या खुणेसाठी, ७ ते ७२ मध्ये प्रत्यक्ष आज्ञा, आणि शेवटचे आठ कार्डाच्या अनुक्रमांकासाठी. गठ्ठा हातातून पडला तर परत लावता यावा म्हणून ते शेवटचे आठ. (पुन्हा तोच प्रश्न: कुठल्या चुकीची भीती? जिन्यावर पाय घसरण्याची.)

फॉरमॅटिंग इथे यंत्राच्या बाजूनं कडक होतं, पण सात ते बहात्तरच्या आत मात्र फोरट्रान मोडीसारखी होती. आज्ञेमधल्या रिकाम्या जागांना काहीच अर्थ नव्हता. शब्द तोडा, जोडा, कंपायलर सगळ्या जागा गाळून वाचायचा. कार्ड पंच करणाऱ्याच्या हातून जागा कमीजास्त पडली तरी काम अडू नये, हा त्यातला फायदा. तोटा पुढच्या उदाहरणात दिसतो.

'डू १० आय = १, १०' अशी ओळ असेल तर अर्थ असा: दहा क्रमांकाच्या ओळीपर्यंतचं काम आय या चलाच्या १ ते १० किमतींसाठी पुन्हा पुन्हा कर. आता स्वल्पविरामाच्या जागी चुकून टिंब पडलं: 'डू १० आय = १.१०'. कंपायलर जागा गाळतो, त्याला दिसतं 'डू१०आय = १.१०', म्हणजे 'डू१०आय' नावाच्या चलात १.१० ही किंमत ठेव. चल आधी जाहीर करायची सक्तीही नव्हती, त्यामुळे हाक ना बोंब. माणसाच्या डोळ्याला ओळ अजूनही पुनरावृत्तीसारखीच दिसते, कारण 'डू', 'दहा' आणि 'आय' यांच्यामध्ये मोकळ्या जागा आहेत. यंत्रासाठी त्या जागा अस्तित्वातच नाहीत. नासाच्या मर्क्युरी प्रकल्पाच्या काळात अशी चूक एका प्रोग्राममध्ये सापडली आणि दुरुस्तही झाली, अशी त्या काळात तिथे काम केलेल्यांची आठवण नोंदलेली आहे.

पण वर्गात ही गोष्ट तुम्ही बहुधा वेगळी ऐकली असेल: या टिंबामुळे मरिनर १ हे यान नष्ट करावं लागलं. तसं नाही. मरिनर १ उडालं २२ जुलै १९६२ला आणि उड्डाणानंतर थोड्याच वेळात ते पाडावं लागलं. त्यात दोष सापडला तो मार्गदर्शनाच्या समीकरणांत: मूळ हस्तलिखितात एका चिन्हावर असलेली आडवी रेघ उतरवून घेताना राहून गेली होती. लोकांच्या तोंडी तिचा 'हायफन' झाला आणि पुढे फोरट्रानच्या टिंबाशी तिची सांगड घातली गेली. दोन वेगळ्या घटना, एक चटकदार गोष्ट. 'ध चा मा' जसा वाक्प्रचार झाला तसाच हा. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात अशी गोष्ट टाकावीशी वाटते, परीक्षकालाही आवडते. पण मूळ कागद बघितल्याशिवाय ती वापरू नका. खरी घटना तेवढीच उपयोगाची आहे. उतरवून घेणाऱ्यासाठी ती रेघ कागदावरचा ठिपका-डाग इतकीच होती, समीकरण मांडणाऱ्यासाठी मात्र ती मूळ किमती गुळगुळीत करून वापरण्याची सूचना होती.

पुढच्या भाषांनी रिकाम्या जागेला थोडा मान दिला. निदान शब्द तोडायला जागा लागू लागली. ओळी मात्र अजून मोकळ्याच होत्या. सी भाषेत इंडेंटेशनला कंपायलरच्या लेखी शून्य किंमत. त्याची सर्वांत गाजलेली फळं २०१४च्या फेब्रुवारीत दिसली. ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये एक ओळ दोनदा पडली होती. मराठीत उतरवून दाखवतो:

जर (तपासणीत चूक आली)
    शेवटाकडे जा;
    शेवटाकडे जा;
पुढची तपासणी कर;

महिरपी कंस नाहीत, म्हणून 'जर'च्या ताब्यात फक्त पहिली ओळ. दुसरी 'शेवटाकडे जा' ही बिनशर्त आज्ञा आहे. चूक येवो न येवो, तिथून थेट शेवट. पुढची, म्हणजे सहीची खरी तपासणी कधी होतच नाही, आणि तोवर चूक नोंदलेली नसल्यामुळे निकाल येतो 'सगळं ठीक'. याचा अर्थ असा की खोटा सर्व्हर खरा म्हणून खपू शकत होता, आयफोनवरही आणि मॅकवरही. डोळ्याला काय दिसतं? दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवलेल्या, म्हणजे दोन्ही 'जर'च्या आतल्या. फार तर 'एक ओळ जास्तीची आहे, असू दे' असं वाटेल.

आता इथे घाईनं निष्कर्ष काढू नका. हा बग फॉरमॅटिंगमुळे झाला का? झाला तो एक ओळ दोनदा पडल्यामुळे. फॉरमॅटिंगनं तो लपवला. कंस असते तर दुसरी ओळ कंसात राहिली असती आणि निरुपद्रवी ठरली असती. पोहोचता न येणाऱ्या कोडबद्दलचा इशारा चालू असता तरी सापडला असता. चाचणी असती तरी. बग निर्माण होणं आणि बग नजरेतून सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयावरच्या चर्चेत त्या सर्रास एकत्र केल्या जातात. तुमच्या प्रस्तावात त्या वेगळ्या ठेवल्यात तरी अर्धं काम झालं. २०१६ मध्ये जीसीसी कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत 'फसवं इंडेंटेशन' दाखवणारा इशारा आला. हे मला फार आवडतं: ज्या जागा कंपायलर आजवर गाळत होता त्या तो आता वाचतो, त्याला स्वतःला गरज म्हणून नाही, माणूस त्या कशा वाचेल याचा अंदाज घेण्यासाठी.

दुसरा उपाय म्हणजे दोन वाचकांना एकच खूण देऊन टाकणं. पीटर लँडिन यांनी १९६६ मध्येच तसा नियम मांडला होता, इंडेंटेशनवरूनच रचना ठरवायची. १९९१ मध्ये आलेल्या पायथॉननं तो घराघरांत नेला. तिथे आत सरकवलेली ओळ ही खरोखरच आतली ओळ असते, त्यामुळे वरचा प्रकार त्याच रूपात होत नाही. त्याबदल्यात नवी चूक आली: न दिसणाऱ्या टॅब आणि स्पेस यांची भेसळ. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून अशी संदिग्ध भेसळ थेट नाकारली जाते.

मग मोजमापांचं काय? इथे मामला गुंतागुंतीचा होतो, आणि माझ्या मते खरा रसही इथेच आहे.

१९८३ मध्ये मियारा, मसलमन, नवारो आणि श्नायडरमन या चौघांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पास्कल भाषेतला प्रोग्राम शून्य, दोन, चार आणि सहा जागांच्या इंडेंटेशननं नवख्या आणि अनुभवी लोकांना दिला आणि प्रश्न विचारले. दोन ते चार जागा सर्वांत बऱ्या ठरल्या. पुढची कित्येक वर्षं हा निकाल दाखला म्हणून दिला गेला. २०१९ मध्ये बाउअर आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग जावा घेऊन, डोळ्यांच्या हालचाली टिपणारं यंत्र लावून, २२ जणांवर पुन्हा केला. इंडेंटेशनच्या खोलीचा ठळक परिणाम त्यांना दिसला नाही. 'म्हणजे इंडेंटेशन बिनकामाचं' असं कुणी म्हणेपर्यंत २०२३ मध्ये मॉर्झेक, हानेनबर्ग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला: एकात एक अडकलेल्या 'जर'च्या साखळ्या, इंडेंटेशनसह आणि अजिबात इंडेंटेशनशिवाय. वाचायला लागणाऱ्या वेळात मोठा फरक.

मग खरं काय? तिन्ही निकाल एकमेकांना कापतात असं वरवर वाटतं. पण प्रत्येकानं काय विचारलं ते बघा. एकात आकलनाचे प्रश्न, एकात नजर आणि वेळ, एकात 'नियंत्रण कुठून कुठे जातं' एवढंच. प्रोग्राम वेगळे, लांबी वेगळी, अडकवणुकीची खोली वेगळी. छोट्या, सरळ कोडमध्ये इंडेंटेशन कितीही असलं तरी अडत नाही, खोल रचनेत ते नसलं की माणूस कंस मोजत बसतो. 'वाचनीयता' हा एक शब्द आहे, पण त्याखाली वेग, अचूकता, आकलन आणि चूक पकडणं अशा निदान चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. कुठली मोजणार ते प्रयोगाआधी लिहून ठेवा. नंतर निवडलीत तर जी छान आली तीच निवडाल.

नावांच्या बाबतीत तर मोडीचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. प्रोग्राममधल्या नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून दोन शब्द जोडताना एकतर मधलं अक्षर मोठं लिहायचं किंवा मध्ये खालची रेघ टाकायची. २००९ मध्ये बिंकली आणि सहकाऱ्यांना मोठ्या अक्षराच्या पद्धतीत अचूकता जास्त आढळली. २०१०मध्ये शरीफ आणि मालेटिक यांनी नजर टिपून पाहिलं तेव्हा अचूकतेत फरक नव्हता आणि खालच्या रेघेची पद्धत जलद ठरली. त्यांनी स्वतःच एक महत्त्वाचा फरक नोंदवला: त्यांच्याकडचे लोक मुख्यतः खालच्या रेघेच्या पद्धतीत तयार झालेले होते. पेशव्यांच्या दफ्तरातल्या कारकुनाला बसवून 'शब्द तोडलेले बरे की न तोडलेले' असा प्रयोग केला असता तर त्यानं सलग ओळच भराभर वाचून दाखवली असती, आणि आपण लिहिलं असतं, 'शब्दांमधल्या जागेचा वाचनीयतेवर परिणाम आढळला नाही.' सवय हा इथला सर्वांत मोठा गोंधळ घालणारा घटक आहे, आणि विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत तो हमखास निसटतो, कारण सगळे एकाच कॉलेजात एकाच सरांकडे शिकलेले असतात.

व्यवहारात लोकांनी निकालाची वाट पाहिली नाही. २००९ मध्ये गो भाषेबरोबर तिचं फॉरमॅटिंगचं साधनही आलं, ज्यात निवडीला वावच ठेवलेला नाही. पुढे पायथॉनसाठी ब्लॅक आलं तेही त्याच वळणाचं. यातून कोड जास्त वाचनीय होतो की नाही ते जाऊ द्या, टॅब की स्पेस यावरची भांडणं थांबतात आणि दोन आवृत्त्यांची तुलना करताना दिसणारे फरक हे खरे फरक असतात. पंच कार्डावरच्या शेवटच्या आठ रकान्यांसारखा हा उपाय आहे, वेगळ्याच भीतीसाठी केलेला.

कुणाला या विषयात काम करायचं असेल तर मराठीत करण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. पुराभिलेखागारातले प्रसिद्ध झालेले मोडी कागद घ्या, ज्यांचं जाणकारांनी केलेलं वाचन उपलब्ध आहे असे. त्यांचं देवनागरी लिप्यंतर दोन रूपांत तयार करा: एक सलग, शब्द न तोडता, दुसरं तोडलेलं. वाचक तीन गटांत घ्या: मोडीचे प्रमाणपत्र वर्ग केलेले, इतिहासाचे विद्यार्थी, आणि मोडी कधीच न पाहिलेले. प्रत्येकाला दोन्ही रूपं द्या, पण कागद वेगळे. वेळ मोजा आणि चुका मोजा, वेगवेगळ्या रकान्यांत. शब्द चुकीच्या जागी तुटल्याच्या चुका वेगळ्या, अर्थ उलटा झाल्याच्या चुका वेगळ्या. 'धरावेनमारावे' हे मी इथे बसून बनवलेलं उदाहरण आहे: 'धरावे, न मारावे' की 'धरावे न, मारावे'? अशा जागा खऱ्या कागदांत किती सापडतात ते आधी मोजून घ्या, नाहीतर प्रयोग बनवलेल्या उदाहरणांवरच होईल. मग त्याच तीन गटांच्या जागी नवखे, तिसऱ्या वर्षाचे आणि नोकरी करणारे प्रोग्रामर बसवा, आणि खालच्या रेघा काढून टाकलेल्या नावांचा कोड त्यांच्यापुढे ठेवा. नमुना लहान असला तरी हरकत नाही, पण प्रत्येकाला आधी विचारा की तो कुठल्या पद्धतीत लिहायला शिकला, आणि ते उत्तर विश्लेषणात घ्या.